सिस्टरांच्या टबाचं माप

मास्तरांनी एकेचाळीस वर्षं कोट शिवले आणि त्या एकेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर एकदाही माप मोठ्याने म्हटलं नाही. बाकीचे शिंपी टेप फिरवत ओरडायचे, छाती बेचाळीस, कमर चव्वेचाळीस, आणि दुकानातल्या चार अनोळखी माणसांपुढे त्या कमरेचा मालक खिडकीबाहेर बघत उभा राहायचा. मास्तर टेप लावायचे, वाचायचे आणि मुकाट्याने वहीत लिहायचे. एखाद्याची कमर दोन वर्षांत तीन इंच वाढली असली तरी "पूर्वीसारखंच शिवतो" एवढंच म्हणायचे, आणि पूर्वीसारखं शिवायचे नाहीत. गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर वळायचं आणि म्हणायचं, "बघा मास्तर, अजून अंग तसंच आहे की नाही?" मास्तर त्याच्या खांद्यावरचा दोरा झटकायचे. आपलं दुकान याच एका गोष्टीवर चाललं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्यांची बायको नर्स होती. चौतीस वर्षं तिने नेमकं उलट काम केलं. ताप किती, रक्तदाब किती, वजन किती, हे ज्याचं त्याला तोंडावर सांगायचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणते. नवरा मास्तर, बायको सिस्टर; नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिले काही दिवस हे घर आहे, शाळा आहे की दवाखाना, ते उमजत नाही.

दोघं पहिल्या मजल्यावर राहतात. तीन खोल्या, मधून एक अरुंद पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला बाथरूम, सात फूट बाय पाच. घर घेतलं तेव्हापासून तिथे ओतीव लोखंडाचा टब होता. कडेचा पांढरा मुलामा ठिकठिकाणी उडालेला, नळाखाली गंजाची लांब रेघ. रात्रपाळी संपवून आलेल्या सिस्टर त्यात गळ्यापर्यंत पाणी भरून अर्धा तास पडून राहायच्या. कडी लावून. त्या अर्ध्या तासात घराला आग लागली तरी हाक मारायची नाही, असा नियम होता. मुलीने लहानपणी एकदा गुडघा फोडून घेतला, तेव्हाही मास्तरांनी तो पाळला. बँडेज कसंबसं त्यांनीच बांधलं, आणि बाहेर आल्यावर सिस्टरांनी ते सोडून नव्याने बांधलं.

गेल्या वर्षी सिस्टर जिन्यात पडल्या. उजव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं, डॉक्टरांनी आत सळई घातली. घरी आल्यापासून मुलगी रोज ऑफिसला जाण्याआधी येऊन आईला आंघोळ घालू लागली. टबाच्या शेजारी प्लास्टिकचं स्टूल, बादली, मग. मुलगी मनापासून करायची, पण ऐकणाऱ्याला वाटावं की आत परीक्षा चालू आहे.

"आई, हात वर कर."

"मला कळतं हात कधी वर करायचा ते."

"मग कर ना."

"तू बोलायच्या आधी करणारच होते."

सिस्टरांनी आयुष्यात किती माणसांची अंगं पुसली याचा हिशेब नाही. अंग पुसून घेताना माणूस छताकडे का बघतो, हे त्यांना पहिल्या वर्षीच समजलं होतं. आता सात महिने त्या स्वतः छताकडे बघत होत्या, आणि छताला पोपडे आलेत हे त्यांनी मास्तरांना तीनदा सांगितलं होतं.

मग खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली. प्लंबर आला, गुडघ्यावर बसला, टबाच्या पोटाखाली बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. "पाइप गेलाय. फरशी फोडायला लागणार. आणि हा टब एकदा हलवला की परत बसायचा नाही. पाय खाऊन टाकलेत गंजाने."

मुलीने संधी साधली. "मग टबच नको. शॉवर करू. उंबरा नाही, काही नाही."

"ताई बरोबर बोलतायत," प्लंबर म्हणाला. "शॉवर, भिंतीला दांडी, खाली न घसरणाऱ्या टाइल्स. वयस्कर माणसांकडे आजकाल तेच करतो आम्ही."

"वयस्कर कोण आलंय इथे?" पॅसेजमधून सिस्टरांनी विचारलं.

प्लंबर पिशवीत पाना शोधू लागला.

"टब हवा," सिस्टर म्हणाल्या. "कडी लावून, एकटीने आंघोळ करायचीय मला. उभ्याने अंगावर पाणी पडतं त्याला मी आंघोळ म्हणत नाही, त्याला भिजणं म्हणतात. तेवढं जमत नसेल तर फरशी फोडू नका. खालच्यांना एक छत्री घेऊन द्या."

मुलगी वडिलांकडे बघू लागली. मास्तर म्हणाले, "टब घेऊ. तू म्हणशील तो. निवड तुझी."

बाथरूमच्या सामानाचं दुकान मोटारींच्या शोरूमएवढं होतं. तीसएक टब ओळीने मांडलेले, सगळे कोरडे, कुठल्याच नळाला पाणी नाही. मास्तर गळ्यात टेप अडकवून गेले होते. घराबाहेर पडताना तो गळ्यात येतोच, त्यासाठी त्यांना वेगळं काही ठरवावं लागत नाही. त्यांनी दुकानातल्या मुलीला सांगितलं, "ट्रायल घ्यायचीय."

"कसली ट्रायल, काका?"

"आत बसून बघायचंय यांना."

"आत बसायला परवानगी नाहीये काका."

"का बरं?"

"म्हणजे... कोणी बसत नाही."

"कोणी बसतच नाही, तर परवानगी नाही हे कळलं कसं?"

मुलगी आत कोणाला तरी विचारून आली आणि सोबत प्लास्टिकचा एक मोठा कागद घेऊन आली. सिस्टरांनी एकेक टब तपासला. पहिल्याची कड अंगठ्याने दाबून पाहिली; ती चेपली, तो बाद. एकाच्या पोटात भोकं होती, त्यातून पाण्याचे फवारे सुटतात असं मुलीने सांगितलं. "आवाज करतो का?" "थोडासा." तोही बाद. कोपऱ्यातल्या गोल टबापाशी त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "यात मी आडवी झाले तर मला शोधायला माणूस लागेल."

शेवटच्या रांगेत पोलादी टब होता, पांढऱ्या मुलाम्याचा, खोल, साधा. कडेची उंची एकवीस इंच. सिस्टरांनी त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, आवाज ऐकला आणि काठी बरोबर आलेल्या लेकीच्या हातात दिली. एका बाजूने लेकीने धरलं, दुसऱ्या बाजूने मास्तरांनी कोपराखाली हात दिला. सिस्टर आत गेल्या, टेकल्या, डोळे मिटून घेतले. बाहेर काढतानाही तसंच, दोघांनी दोन्हीकडून.

"हा," त्या म्हणाल्या. "कसा आहे?"

"छान आहे," मास्तर म्हणाले.

टब नोंदवला, दोन आठवड्यांनी घरी येणार होता. मास्तर रिक्षात स्वतःच्या हाताकडे बघत होते. त्यांच्या तळहातावर कोपराचं जे वजन आलं होतं, ते तोल सावरणाऱ्या माणसाचं नव्हतं, उचलून घेतलेल्या माणसाचं होतं. एवढं त्यांच्या हाताला कळतं.

दुसऱ्या दिवशी पॅसेजच्या मधोमध एक लाकडी खोका आला. बारा इंच उंच. सिस्टरांनी भिंतीला हात लावून, पुटपुटत डावा पाय पलीकडे टाकला आणि खोका काठीने बाजूला सारून पुढे गेल्या. मास्तर दोन पावलं मागे, काहीतरी हरवल्यासारखे जमीन न्याहाळत होते. तिसऱ्या दिवशी तिथे सोळा इंचांची पेटी होती. सिस्टर तिच्यापुढे थांबल्या, पेटीकडे पाहिलं, मागे फिरल्या आणि खोलीतून वळसा घालून स्वयंपाकघरात गेल्या.

"अहो, गोदाम काढलंय का पॅसेजमध्ये?"

"जुनं सामान आवरतोय."

"आवरताय की मांडताय?"

बारा जातं, सोळा जात नाही. सोमवारी मास्तर एकटेच दुकानात गेले आणि टब बदलून आले. तीच कंपनी, तोच पांढरा रंग, लांबी तेवढीच, फक्त कड चौदा इंच. दुकानातली मुलगी म्हणाली, "याच्यात पाणी कमरेच्या वर येत नाही हं काका. काकूंना विचारलंत ना?"

"त्यांचं माप माझ्याकडे आहे," मास्तर म्हणाले आणि सही केली.

त्यांना यात खोटेपणा दिसत नव्हता. गिऱ्हाइकाने मागितलेला कोट आणि गिऱ्हाइकाला बसणारा कोट यांच्यात जो फरक असतो, तो शिंप्याने शिवणीत मुरवायचा असतो. तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा नसतो.

टब आला तेव्हा जुना टब तुकडे होऊन गेला होता, नवा पाइप बसला होता, प्लंबर बाथरूमच्या दारात आणि मुलगी त्याच्या डोक्यावर उभी होती. दोन हमालांनी टब जिन्यातून वर आणून पॅसेजमध्ये टेकवला. सिस्टर काठी टेकत खोलीतून बाहेर आल्या आणि टबाशेजारी उभ्या राहिल्या.

"हा तो नाही."

"तोच तर," मास्तर म्हणाले. "दुकानात वस्तू मोठी वाटते, घरात आली की..."

"घरात आली की वस्तू मोठी वाटते. सोफा आणलात तेव्हा दार काढायला लागलं होतं. दुकानात कड मांडीला लागत होती माझ्या, ही गुडघ्याच्या खाली आहे."

प्लंबरला मास्तरांची दया आली. "कंपनीने चुकीचा पाठवला असेल सिस्टर. होतं असं."

हमालाने खिशातून कागद काढला. "चुकीचा नाही. हाच आहे. या काकांनीच बदलून घेतलाय, ही बघा सही."

हमाल पाणी पिऊन निघून गेले. पॅसेजमध्ये चौघं उरली आणि मधे टब.

"कधी बदललात?"

"गेल्या सोमवारी."

"मला का नाही सांगितलंत?"

मास्तरांनी टबाच्या कडेवरून हात फिरवला. शेवटी म्हणाले, "तुझा पाय तेवढा वर जात नाही."

"किती जातो?"

"तेवढा जात नाही."

"आकडा विचारतेय मी."

मास्तरांनी आधी प्लंबरकडे पाहिलं, मग मुलीकडे. "नंतर सांगतो."

"अहो, आत्ता."

"बारा जातो. सोळा नाही जात."

"हे कधी मोजलंत?"

"त्या खोक्यांवरून."

मुलगी तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि नीट बसल्या, लांबलचक तपासणीची तयारी असल्यासारख्या. "आणखी काय काय मोजलंय?"

मास्तर असे कधी पकडले गेले नव्हते, आणि एकदा पकडलं गेल्यावर अर्धवट सांगणं त्यांना जमेना. "तुझ्या कपड्यांना कमरेला साडेतीन इंच सोडलेत, पाच वर्षांत मिळून. बाह्या दोनदा ढिल्या केल्या. आणि खालची दुमड वर घेतोय. उंची कमी झालीय."

"कोणाची?"

"तुझी. इंचभर."

"आणि मी शेजारणीला सांगत फिरते, लग्नाच्या वेळचं माप आहे म्हणून!"

प्लंबर पुन्हा पिशवीत पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल," मास्तर म्हणाले.

"वाटलंच. मग? ताप एकशे तीन असताना नव्व्याण्णव सांगितला तर पेशंटला बरं वाटतं. संध्याकाळपर्यंत." आवाज चढला नव्हता. "माझा पाय किती वर जातो हे या घरात फक्त मलाच ठाऊक नाही. या टबात बसून मी कमरेएवढ्या पाण्यात विचार करत राहिले असते, की दुकानात केवढा मोठा वाटला होता. डोकं फिरलं असं वाटलं असतं मला. तुम्हाला ते चाललं असतं?"

मास्तरांनी तेवढं पुढे पाहिलंच नव्हतं.

"टेप काढा," सिस्टर म्हणाल्या.

त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मास्तर गुडघे टेकून खाली बसले. सिस्टरांनी डावा पाय उचलला, धरला. मास्तरांनी टेप लावला, वाचला, आणि सवयीने खिशातली वही काढू लागले.

"मोठ्याने."

"साडेचौदा."

"आता उजवा."

उजवा पाय थरथरत वर आला आणि थांबला. मास्तरांनी दोनदा टेप लावून पाहिला. "सहा," ते म्हणाले.

"म्हणजे तुमच्या या चौदा इंचांतही मला दुसरा पाय कोणीतरी उचलून ठेवायलाच हवा होता."

मास्तरांनी टबाकडे पाहिलं. पुढे टाकायच्या पायाचं माप त्यांनी घेतलं होतं. मागून येणारा पाय हिशेबातच धरला नव्हता. दोन्ही पाय मोजले असते तर हे कळलं असतं, पण चोरून मापं घेणाऱ्याला "आता दुसरा पाय उचल" असं सांगता येत नाही.

"आई, शॉवरच करूया ना," मुलगी हळूच म्हणाली.

सिस्टर परत खुर्चीत बसल्या. डाव्या हाताने त्या मांडी चोळत होत्या आणि त्यांची नजर त्या हातावरच होती. थोड्या वेळाने त्यांनी तो हात उजव्या मांडीखाली घातला आणि पाय उचलला. पाय आरामात वर आला, समोर ठेवलेल्या टबाच्या कडेहून वर.

"उभं राहून ओलांडायचं कोणी सांगितलंय?" त्या म्हणाल्या. "पलंगावरून खुर्चीत जाणारा पेशंट उडी मारतो का? आधी बसायचं. मग एकेक पाय हाताने आत. मग सरकायचं. रोज शिकवायचे मी हे लोकांना." त्या प्लंबरकडे वळल्या. "टबाच्या डोक्याशी बसायला कट्टा बांधता येईल?"

प्लंबरने बाथरूममध्ये डोकावून पाहिलं. "लांबीला सात फूट आहे. टब साडेपाच फुटांचा. दीड फूट मोकळा राहतो, येईल की. वर टाइल लावून टबाच्या कडेशी एका पातळीत आणू. उंची किती ठेवू?"

हे माप मास्तरांना टेप न लावता सांगता आलं असतं, पण त्यांनी लावला. गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत. "साडेसोळा," ते म्हणाले. "चपलेसकट सतरा."

"चौदाचा हा लहान आणि एकवीसचा तो मोठा," सिस्टर म्हणाल्या. "तुमचाही गेला आणि माझाही गेला. चला दुकानात."

दुकानातल्या मुलीने त्यांना दारातच ओळखलं आणि प्लास्टिकचा कागद स्वतःहून आणला. सतरा इंचांचे दोनच टब होते. एकात टेकायचा उतार इतका निजता होता की सिस्टर म्हणाल्या, "यात झोप लागेल, आंघोळ नाही." दुसऱ्याच्या डोक्याशी मास्तर आणि लेकीने मिळून टाइल्सचे खोके रचले, सतरा इंच भरेपर्यंत. आत एक बसकं स्टूल ठेवलं.

सिस्टर खोक्यांवर बसल्या. हाताने डावा पाय आत घेतला, मग उजवा. लेक पुढे झाली.

"हात लावू नकोस गं. घरी तू नसणार आहेस."

खोक्यांवरून स्टुलावर, स्टुलावरून तळाशी. आत जाणं सोपं होतं. त्यांनी मान टेकून पाहिली. पाणी काखेपर्यंत येईल, दुकानातल्या मुलीने बोट लावून दाखवलं. गळ्यापर्यंत नाही. सिस्टरांनी त्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं आणि चालेल म्हणून मान हलवली.

बाहेर येणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा त्या अर्ध्यावरून परत तळाशी गेल्या. दुसऱ्यांदाही. शेजारच्या बेसिनांपाशी उभं असलेलं एक जोडपं बोलायचं थांबलं. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

"स्टूल चार बोटं मागे घ्या," सिस्टर आतून म्हणाल्या. "आणि भिंतीला दांडी हवी. इथे. काठी आडवी धरा."

मास्तरांनी स्टूल सरकवलं आणि दांडीच्या जागी काठी धरून उभे राहिले, भिंतीसारखे. सिस्टरांनी काठी पकडली. आधी स्टुलावर आल्या. श्वास घेतला. मग खोक्यांवर. मग एकेक पाय बाहेर. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "सहा मिनिटं. वाईट नाही."

"दांडी तळापासून एकोणीस इंच," मास्तर म्हणाले, "लांबी दोन फूट, पकड सव्वा इंचाची. जाड नको, हात लहान आहे." हे ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. दुकानातली मुलगी लिहून घेत होती.

कडीवरून घरी आणखी एक वाद झाला. नाणं घालून बाहेरून उघडता येईल अशी कडी लावावी, असं मुलीचं म्हणणं. "बाहेरून उघडते तिला कडी म्हणत नाहीत," सिस्टर म्हणाल्या, आणि मास्तर प्लंबरला म्हणाले, "साधी लाव."

तीन आठवड्यांनी, टाइल्सच्या फटी वाळल्यावर, मुलगी नेहमीच्या वेळी आली तेव्हा बाथरूमचं दार बंद होतं आणि मास्तर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते.

"आत आहे?"

"हो."

"कडी?"

"लावलीय."

"बाबा! आणि काही झालं तर?"

"हळू बोल."

मुलीने पर्स खांद्यावरून काढली, पुन्हा अडकवली, मग जमिनीवरच बसली. आतून नळाचा आवाज आला, मग थांबला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मुलीने दोनदा दाराकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला. हाक मारायची नाही हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. एकदा काहीतरी पडलं, बहुतेक साबण. मास्तर अर्धे उठले. आतून सिस्टरांनी साबणाला उद्देशून दोन शब्द ऐकवले, आणि मास्तर परत बसले.

पाणी गुरगुरत पाइपातून जाऊ लागलं. ते जाऊन संपलं. त्यानंतरचा वेळ सगळ्यांत लांब होता. काहीतरी सरकल्याचा आवाज, मग श्वास, मग काहीच नाही, मग ओल्या पावलांचा आवाज. मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं होतं.

कडी सरकली. सिस्टर कपडे घालून, केस टॉवेलात गुंडाळून दारात उभ्या राहिल्या. चेहरा लालसर झाला होता. त्यांनी खुर्चीतल्या मास्तरांकडे पाहिलं, जमिनीवरच्या मुलीकडे पाहिलं.

"हे काय, वॉर्डाबाहेर नातेवाईक बसल्यासारखे?" त्या म्हणाल्या. "भेटायची वेळ संपली. उठा. तुला ऑफिस नाही का?"

मुलगी उठली. तिला ऑफिसला जायला अजून तासभर होता, आणि त्या तासाचं काय करायचं ते तिला चटकन सुचेना.